पणजीत कॅफेतलं चांगलं खाणं: कुठे आणि कधी?

सातारीकंदी
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पणजीला मुक्काम आहे. समुद्रकिनारे करायचे नाहीत, फक्त शहर बघायचं आहे. उतरणार फोंतेन्हास या जुन्या पोर्तुगीज धाटणीच्या भागातल्या एका घरात. बरोबर आई (पूर्ण शाकाहारी, मधुमेह, गुडघे दुखरे) आणि दहावीतला मुलगा. मुलाला 'कॅफे' म्हणजे काचेच्या बरणीतली कॉफी आणि पावावर ठेवलेला अवोकॅडो एवढंच माहीत आहे. मला स्वतःला गावातली माणसं जिथे खातात तिथे बसायचं आहे. नेटवर शोधलं की त्याच त्या रंगीत भिंतींचे फोटो येतात. खाण्याबद्दल कोणी धड बोलत नाही.

थाळीचं बघून घेऊ. प्रश्न फक्त नाश्ता, चार वाजताचं खाणं आणि रात्री हलकं काहीतरी, एवढाच आहे. जाणकारांनी सांगावं.

चकलीबाई
पणजीत जाऊन मासे सोडून कॅफे? धन्य आहात. :)

मळ्यातलो
मी पणजीचाच, मळा नावाच्या वाड्यावर राहतो. तुमचं घर माझ्यापासून चालत पाच मिनिटांवर.

पहिलं सांगतो ते हे, की पणजीत 'कुठे' विचारण्याआधी 'किती वाजता' विचारायचं. इथले जुने कॅफे घड्याळावर चालतात. सकाळी सात-साडेसातला भाजी तयार असते, दहापर्यंत गर्दी असते आणि अकरा वाजून गेले की चांगला माल संपलेला असतो. पाहुणे दहाला उठतात, साडेअकराला पोचतात, त्यांना कोमट उरलंसुरलं मिळतं आणि मग रिव्ह्यूमध्ये एक तारा देतात. त्यात त्या कॅफेवाल्याचा दोष काय?

तेव्हा सकाळी भाजी-पाव, आणि तो भोसले किंवा तातोमध्ये. कॅफे भोसले सिने नॅशनल या जुन्या थिएटरच्या बाजूला आहे. तातो शाकाहारी आहे, म्हणजे आईंची चिंता नको. जागेचा पत्ता निघताना नकाशात ताजा बघून घ्या. कॅफे रिआलही जुनाच. तिथे खाण्याइतकंच बसलेल्या म्हातार्‍यांचं राजकारण ऐकण्यासारखं असतं.

सातारीकंदी
धन्यवाद दादा! भाजी-पाव म्हणजे आपली पावभाजी नव्हे हे ठाऊक आहे. पण मागवायचं काय? पाटीवर पाच-सहा भाज्या असतात म्हणे.

अळसांदे
मी सांगते. माहेर फोंड्याचं, कॉलेज पणजीत, म्हणजे या विषयात पदवी आहे असं समजा.

पातळ भाजी म्हणजे वाटाणा (कधी सोबत बटाटा) आणि वाटलेल्या खोबर्‍याचा रस. सुकी भाजी म्हणजे बटाट्याची, मोहरी-हळद-हिरवी मिरची घातलेली, डोशात असते त्या जातीची. नवखा माणूस यातली एक मागवतो. इथला माणूस 'मिक्स' मागवतो. बशीत आधी सुकी, वर पातळ ओततात. पातळ भाजीचा रस बटाट्यात मुरतो, कडेला हळदीचं पिवळं आणि मसाल्याचं तांबूस तेल वेगवेगळं दिसतं. पाव त्या कडेला लावून खायचा. मध्ये बुडवलात तर पाव फुटतो आणि बशीत लगदा होतो.

सोबत मिरची भजी एक. ती पावात घालून वरून रस घालणारे लोकही आहेत. मी त्यातलीच.

अळसांद्याची भाजी पाटीवर दिसली तर बाकी सगळं सोडा. चवळीपेक्षा मोठा, लालसर दाणा. भात कापल्यावर त्याच शेतात अळसांदे लावतात, त्यामुळे नवा माल डिसेंबरात मिळणार नाही, गेल्या साठवणीतला असेल. तरीही घ्या.

रांगडा_गडी
आम्ही कोल्हापूरकर. खाल्लीय ती पातळ भाजी. सरळ सांगतो, गोड लागते. झणझणीतपणाच्या नावाने शंख. मिसळीच्या जवळपास पण नाही.

अळसांदे
मिसळीच्या जवळपास जायचंच नाहीये तिला! नारळ आहे त्यात. सकाळी सातला जिभेला चटका हवा कशाला? हवाच असेल तर मिरची भजी घ्या सांगितलं की वर.

रांगडा_गडी
भजी घेऊन पण गोडच लागली. असो. बन्स मात्र भारी होते, ते कबूल.

निशिगंधा
बन्स! कोणी कसं लिहिलं नाही अजून? सातारीकंदी, हे नाव वाचून बेकरीतला बन डोळ्यासमोर आणू नका. पिकलेलं केळं घालून मळलेल्या मैद्याची जाड पुरी असते, किंचित गोडसर, तळलेली. मूळ मंगळूरकडची, पण गोव्याने कधीच आपली करून टाकली. पातळ भाजीबरोबर खायची. मुलाला नक्की आवडेल. आईंना मधुमेह आहे तर त्यांनी अर्ध्यावर थांबावं.

आणि चहा. जुन्या कॅफेंत चहा साखर घालूनच उकळलेला असतो. वेगळा हवा असेल तर बसल्या बसल्या, बाकी काही मागवायच्या आधी सांगा. गर्दीत मध्येच सांगितलं तर 'हो हो' म्हणतात आणि येतो तो गोडच.

मळ्यातलो
बिनसाखरेचो च्या. असं म्हटलंत तर वेटर एकदा वर बघेल आणि लक्षात ठेवेल.

आणखी एक, टेबल आपलं नसतं. चार खुर्च्यांपैकी दोन रिकाम्या असल्या की अनोळखी माणूस येऊन बसतो. यात उद्धटपणा नाही, रीतच तशी आहे. खाऊन झाल्यावर गप्पा मारत बसायची जागाही ती नव्हे. मागे उभा असलेला माणूस तुमच्या कपाकडे बघत असतो. बिल बहुतेकदा वेटरच्या डोक्यात असतं, काउंटरवर तो ओरडून आकडा सांगतो. एक बशी भाजी, दोन पाव, चहा मिळून माणशी शंभराच्या आत निघता, ही अजूनची परिस्थिती.

रिकामटेकडा
माझा एक कळीचा मुद्दा. पाव कोणता देतात? कारण गोव्यात जाऊन मऊ चौकोनी पावच खायचा असेल तर तो पुण्यातही मिळतो.

अळसांदे
कॅफेत साधा पावच देतात बहुतेक ठिकाणी, भाजीला तोच बरा. बाकीचे प्रकार घरी घ्यायचे. सकाळी सहा-साडेसहाला आणि पुन्हा दुपारी चारच्या पुढे पदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून येतो, भोंगा वाजवत. टोपलीत उंडो असतो, म्हणजे गोल, वरून कडक. पोयी असते, कोंड्याची, आतून पोकळ. कात्रेचो पाव फुलपाखरासारखा कापलेला. आणि कांकण म्हणजे बांगडीच्या आकाराचं कडक, चहात बुडवायचं. पूर्वी पीठ माडाच्या सुरेने फुगवायचे, आता जवळजवळ सगळीकडे यीस्ट आलं.

आईंसाठी पोयी सगळ्यात चांगली. कोंडा असतो आणि पोटाला हलकी. फोंतेन्हासमध्ये राहताय तर घरमालकिणीला आदल्या रात्री सांगून ठेवा, त्या आपल्याबरोबर तुमच्याही घेतील. गरम पोयी तासाभरात खायची. दुपारी तीच पोयी चामड्यासारखी होते.

सातारीकंदी
हे सोनं आहे! लिहून घेतलं सगळं. आता मुलाच्या वाटणीचं कोणीतरी बोला. त्याला मी भाजी-पाववर चार दिवस ठेवू शकत नाही.

मांडवीकाठ
नव्या कॅफेंबद्दल मी बोलतो. कामानिमित्त पणजीत राहतो, लॅपटॉप घेऊन त्यांच्यातच पडीक असतो.

फोंतेन्हासमधल्या नव्या कॅफेंचे दोन वर्ग आहेत. काही ठिकाणी तुम्ही खाण्याचे पैसे देता, काही ठिकाणी भिंतीचे. ओळखायचं कसं? मेन्यू बघा. एका पानाचा असेल तर बसा. पिझ्झा, रामेन, बिर्याणी आणि 'पोर्तुगीज स्पेशल' असं सगळं एका छपराखाली असेल तर कॉफी पिऊन उठा. दुसरं, पाव स्वतः भाजतात का ते विचारा. ब्रेड चांगला असेल तर सँडविचपासून टोस्टपर्यंत सगळं आपोआप बरं होतं. आणि तिसरं, शक्य असेल तर इथे राहणार्‍या कोणाला विचारा की हे जून-जुलैत उघडं असतं का. पावसात पर्यटक नसताना जो तग धरतो, त्याचं खाणं गावातली माणसं खातात.

एका ठिकाणी (नाव घेत नाही) माझ्यासमोर क्रॉसाँ मायक्रोवेव्हमधून काढून लाकडी फळीवर ठेवून आणलं. बाहेरून गरम, मधे गार, आणि बिल असं की त्यात आम्ही दोघं भाजी-पाव खाऊन घरी डबा घेऊन गेलो असतो.

मुलासाठी: आल्तिनोवर सुनापरांत या कलाकेंद्राच्या अंगणात कॅफे बोदेगा आहे. झाडाखाली बसायचं, केक-सँडविच नीट असतात, आत प्रदर्शन असेल तर ते बघून होतं. त्याला फोटोही मिळतील. पास्तेल द नाता, म्हणजे अंड्याच्या कस्टर्डचे ते पोर्तुगीज छोटे टार्ट, हवे असतील तर करंजाळ्याच्या पादारिया प्राझेरेसला जा. शहराच्या दुसर्‍या टोकाला आहे, रिक्षा-टॅक्सी करावी लागेल.

चकलीबाई
आल्तिनो म्हणजे टेकडी ना? त्यांच्या आईंचे गुडघे?

मांडवीकाठ
हो, गाडीने वर जा आणि गाडीनेच उतरा. मळ्यातून पायर्‍या आहेत, पण ते गुडघेवाल्यांचं काम नव्हे.

कोकणकन्या
अहो, बेकर्‍या विसरलात. पणजीत चार वाजताचं खाणं म्हणजे बेकरीच!

३१ जानेवारी रस्त्यावर कॉन्फेइतारिया ३१ दि जानेइरो म्हणून इवलीशी जुनी बेकरी आहे, तुमच्या घराजवळच. आत दोन माणसं उभी राहिली की दुकान भरलं. म्युनिसिपल गार्डनजवळ मिस्टर बेकर १९२२, वयाची चौकशी करायची गरज नाही, नावातच लिहिलंय. कॅफे सेंट्रल नावाने कॅफे असला तरी लोक जातात ते पॅटिस आणि मशरूमच्या समोशांसाठी.

बेबिंक घ्यायचं तर वजनावर कापून मिळतं तिथून थोडंसं घ्या, विमानतळावरच्या खोक्यातलं नको. एकेक थर ओतायचा, वरच्या आचेवर भाजायचा, मग पुढचा. नारळाचं दूध, अंड्याचा बलक, साखर, तूप. म्हणजे अंडं आहे हे आईंना सांगून ठेवा. २०२३ मध्ये बेबिंकला भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हापासून प्रत्येक खोक्यावर 'अस्सल' लिहितात, हा एक तोटा झाला.

आईंना अंडं चालत नसेल तर दोदोल. काळा गूळ, तांदळाचं पीठ, नारळाचं दूध. मधुमेह आहे हे विसरून एक तुकडा.

निशिगंधा
मधुमेह विसरून काय! काहीही सल्ले. :D

कोकणकन्या
सुपारीएवढा तुकडा हो ताई. माझ्या सासूबाई खायच्या, नव्वदीपर्यंत ठणठणीत होत्या.

रिकामटेकडा
३१ जानेवारी, १८ जून... पणजीतले रस्ते म्हणजे कॅलेंडर आहे का?

मळ्यातलो
दोन्ही तारखा वेगळ्याच घरच्या. ३१ जानेवारी ही पोर्तुगालची. १८९१ मध्ये पोर्तु शहरात राजेशाहीविरुद्ध प्रजासत्ताकवाद्यांनी उठाव केला, तो दिवस. १८ जून आमची. १९४६ मध्ये मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली, तो दिवस. पोर्तुगीज गेले १९६१ मध्ये, पण फोंतेन्हासच्या रस्त्याचं नाव कोणी बदललं नाही. लोकांना पत्ता सांगायला सोपं पडतं, एवढंच कारण असावं.

खाण्यावर या परत. :)

रांगडा_गडी
रात्रीचं कोणीच बोललं नाही. ऑम्लेटचा गाडा!

मांडवीकाठ
बरोबर. रस ऑम्लेट. संध्याकाळी अंधार पडला की गाडे लागतात. साधं कांदा-मिरचीचं ऑम्लेट, त्यावर शाकुतीचा, म्हणजे खोबरं-मसाल्याच्या गोवन कालवणाचा रस, वरून कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबू आणि दोन पाव. रस बहुतेकदा चिकनचा असतो, म्हणून आईंना नाही. काही गाड्यांवर चण्याचा रस वेगळा ठेवतात, विचारून घ्या.

गाडा निवडायचा तो गर्दी बघून, पण गर्दीतही बघा की माणसं दुचाकीवर बसूनच खातायत का. ती घरी जाणारी, ऑफिसातून सुटलेली मंडळी असतात आणि रोजच्या गाड्याला नावाजलेल्या गाड्यापेक्षा ती जास्त मानतात.

चकलीबाई
आणि मासे?

मळ्यातलो
ताई, तुम्ही ऐकणार नाही. दुपारी १८ जून रस्त्यावर रिट्झ क्लासिक, रांगेची तयारी ठेवून. किंवा ३१ जानेवारी रस्त्यावर आनंदाश्रम, तिथे शहरातले वकील, कारकून, बँकवाले जेवतात. बारा-साडेबाराला जा. हुमण (माशाची आमटी), किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), तळलेला बांगडा किंवा इसवण (सुरमई) आणि सोलकडी. पण हा धागा कॅफेचा आहे, हे धागाकर्तीच्या वतीने सांगतो.

चकलीबाई
झालं, मिळालं मला हवं ते. मी चालले. :)

शिंपली
उशिरा आले. सातारीकंदी, तारखा एकदा नीट बघून घ्या. ८ डिसेंबरला पणजीच्या चर्चचं फेस्त असतं, ते पायर्‍यांवरचं पांढरं चर्च. त्या दिवसांत चर्च स्क्वेअर आणि आजूबाजूचे रस्ते जत्रेने भरतात, गाड्या आत सोडत नाहीत. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त, त्याआधी नोव्हेंबरच्या अखेरीस चित्रपट महोत्सव संपलेला असतो, मग डिसेंबरच्या मध्यावर सेरेंडिपिटी कलामहोत्सव. म्हणजे तुम्ही बरोबर जत्रांच्या मध्ये येताय.

तोटा: गर्दी, पार्किंग नाही, नव्या कॅफेंत जागा नाही.
फायदा: फेस्तातलं खाजें! बेसनाच्या काड्या, गुळाचा पाक, आलं आणि तीळ. शाकाहारी. ताजं खाजें दाताखाली आधी कुरकुरतं आणि मग आल्याचा ठसका येतो. पुड्यातलं जुनं खाजें दगड असतं, तेव्हा विकणार्‍याला एक काडी मोडून दाखवायला सांगा.

चतुर्थीला आला असतात तर मी सरळ तारीख बदला म्हटलं असतं. गणपतीत हिंदू मालकांचे कॅफे दिवसचे दिवस बंद असतात. स्वयंपाकी गावाला, वेटर गावाला, मालक माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळा-पानांची आरास, बांधायला गावाला.

मळ्यातलो
अगदी. माटोळी बांधायची सोडून पर्यटकाला बन्स तळून देणारा अजून जन्माला यायचाय.

आणि रविवारचंही लक्षात ठेवा. जुने कॅफे बरेचसे बंद किंवा अर्धा दिवस. रविवारी सकाळी बेकरीतून काहीतरी घ्या, नाहीतर घरीच पोयी आणि चहा.

सातारीकंदी
फेस्ताचं अजिबात ठाऊक नव्हतं, धन्यवाद शिंपलीताई. मग गाडी बाहेर कुठे लावायची?

शिंपली
कदंब स्टँडच्या बाजूला पाट्टोला लावा आणि पूल ओलांडून चालत या. ओरेमची खाडी ओलांडली की फोंतेन्हास सुरूच होतं. आईंना दारापर्यंत सोडून मग गाडी लावायला जा. आणि एकदा लावलीत की परत काढू नका. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत माणसं जेमतेम ४० हजार होती. गाव पायांच्या मापाचं आहे. गाडी फक्त आल्तिनो आणि करंजाळ्यासाठी.

मांडवीकाठ
एक विनंती मीही करून ठेवतो, रागावू नका. फोंतेन्हासमध्ये माणसं राहतात. निळ्या-पिवळ्या भिंती बघून लोक दुसर्‍याच्या पायरीवर बसून फोटो काढतात, खिडकीत हात घालतात, रात्री अकराला रील बनवतात. बर्‍याच दारांवर फोटोला मनाई असल्याच्या पाट्या आहेत. मुलाला समजावून आणा. तुम्ही तिथेच राहताय तर शेजारधर्म म्हणून तरी.

कॅफेचं म्हणाल तर याचा खाण्याशी थेट संबंध आहे. घराच्या पडवीत चालणार्‍या कॅफेला शेजार्‍यांनी तक्रार केली की वेळा कमी होतात. म्हणून काही जागा रात्री लवकर आवरतात, आणि ते बरंच आहे.

सातारीकंदी
समजलं. सांगेन त्याला, तसा गुणी आहे, फोन हातात नसेल तर.

दोन शंका राहिल्या. एक, कॉफी. आईला दुपारी फिल्टर कॉफी लागते. दोन, दुपारी एक ते चार आम्ही काय करायचं? सगळं बंद असतं म्हणे.

निशिगंधा
फिल्टर कॉफी गोव्याच्या जुन्या कॅफेत नका शोधू. कॉफी मागितलीत तर दूध उकळून त्यात पावडर येईल. उडुपी पद्धतीच्या हॉटेलांत मिळेल, पणजीत ती आहेत. चर्चच्या आसपासच एक जुनं कामत आहे. नव्या कॅफेंत बियांची कॉफी चांगली मिळते, पण आईंना ती आंबट लागणार याची खात्री बाळगा. हल्ली कमी भाजायची फॅशन आहे.

शिंपली
एक ते चार म्हणजे झोपायचं. थट्टा नाही, दुकानं खरंच बंद असतात आणि ऊन डिसेंबरातही बोचतं. पण झोप येत नसेल तर आझाद मैदानासमोर इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा आहे. प्रवेशदाराच्या दालनात भिंतभर निळ्या-पांढर्‍या पोर्तुगीज फरशांवर चित्रं आहेत. गारवा असतो, पायर्‍या फार नाहीत, कोणी हटकत नाही. ऑफिसच्या वेळेत उघडी असते, म्हणजे शनिवार-रविवार नको.

तिथून बाहेर पडलात की चार वाजत आलेले असतात, आणि बेकर्‍यांत दुपारचा माल आलेला असतो. पॅटिस पावणेचार ते साडेचारच्या दरम्यान घ्या. पाचला शाळा-कॉलेजची पोरं साफ करतात.

अळसांदे
बघा, परत घड्याळच आलं. :)

मी एका सकाळचा क्रम देते, हवा तर घ्या. साडेसहाला पदेराकडून पोयी, ती आईंना चहाबरोबर घरीच. साडेसातला तुम्ही आणि मुलगा भोसलेमध्ये: एक मिक्स, एक बन्स, एक मिरची, दोन चहा. येताना आईंसाठी सुकी भाजी बांधून आणा. पातळ भाजी बांधून आणू नका, पिशवी गळते आणि घरी येईपर्यंत वर साय धरते. मग नऊ वाजता तिघांनी मळ्यातल्या झर्‍यापर्यंत सावकाश चालायचं. फोंत फेनिक्स म्हणतात त्याला. सपाट रस्ता आहे, आईंना जमेल. दहाच्या पुढे मुलाला त्याची बरणीतली कॉफी घेऊ द्या आणि तुम्ही काही खाऊ नका, कारण साडेबाराला पुन्हा जेवायचं आहे.

रांगडा_गडी
एवढं खाऊन चालायला कोण जाणार?

अळसांदे
ज्यांना झणझणीत लागत नाही ते.

कोकणकन्या
आम्ही जानेवारीत जातोय. म्हापशाचंही सांगा ना कोणी, शुक्रवारच्या बाजारात खायला काय मिळतं? बरोबर दोन लहान मुलं आहेत.

मळ्यातलो
म्हापसा वेगळं प्रकरण आहे, त्यासाठी नवा धागा काढा, तिकडची माणसं येऊन भांडतील. तूर्त एवढंच: शुक्रवारी सकाळी नऊच्या आत पोचा, मुलांसाठी मयंड्याची केळी घ्या आणि गाडी बाजारापासून लांब लावा.

सातारीकंदी, तुमच्या घराची गल्ली कोणती ते इथे उघड लिहू नका, निरोपात कळवा. आमच्या वाड्यावरचा पदेर ज्या वेळेला येतो ती वेळ नक्की करून सांगतो. फेस्ताच्या दिवशी तो अर्धा तास लवकर येतो आणि पोयी आधी संपते.

सातारीकंदी
निरोप पाठवलाय दादा. आईने आत्ताच विचारलंय, पोयीबरोबर लोणी न्यायचं का सातार्‍याहून?

अळसांदे
आणा की! थोडं जास्तच आणा, मळ्यातलोच्या घरीपण द्या.